भरतीच्या रेषेबाहेरून

आबेल टास्मान राष्ट्रीय उद्यानाची हद्द भरतीच्या रेषेपाशी संपते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला असलेलं हे उद्यान सुमारे २३७ चौरस किलोमीटरचं, देशातल्या राष्ट्रीय उद्यानांत सगळ्यात लहान. त्याचे फोटो जगभर फिरतात: सोनेरी पुळण, हिरवट निळं पाणी आणि त्यात दोन-चार रंगीत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या. पण त्या फोटोतलं पाणी उद्यानाचं नाही, आणि ओली वाळूही नाही. भरती आणि ओहोटी यांच्या मधला पट्टा वेगळा राखीव आहे. त्याची व्यवस्था संवर्धन खातं आणि स्थानिक कौन्सिल मिळून पाहतात. त्याच्यापुढे समुद्र, त्याचे नियम आणखी वेगळे. कयाकमधून हे उद्यान पाहणारा माणूस कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळ उद्यानाच्या बाहेरच असतो. नकाशावर ही रेषा पाहिली तेव्हापासून ती माझ्या मनात घर करून होती. दिवसातून दोनदा पुढे येणाऱ्या आणि दोनदा मागे जाणाऱ्या पाण्यावर माणसांनी हद्द आखायची म्हणजे काय करायचं, हा प्रश्न घेऊनच मी मारहाऊला पोचले.

मारहाऊ हे उद्यानाच्या दक्षिण दारातलं छोटं गाव. इथला समुद्र ओहोटीला इतका मागे हटतो की गावासमोर नुसता चिखल-वाळूचा सपाट पट्टा उरतो. त्यामुळे प्रवासी बोटी धक्क्यावरून सुटत नाहीत. बोट ट्रेलरवर, ट्रेलर ट्रॅक्टरला जोडलेला, आणि प्रवासी रस्त्यावरच बोटीत चढून बसलेले. ट्रॅक्टर पाण्यापर्यंत जातो, ट्रेलर उतरवतो आणि बोट तिथून तरंगत निघते. या भागात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या वर फरक पडतो, आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर इतका फरक फार थोड्या ठिकाणी दिसतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, हे गणित आपल्याकडच्या कोळीवाड्यात पोरंसोरंही सांगतील. इथे ते प्रत्येक कयाकवाल्याला निघण्यापूर्वी कागदावर लिहून दिलं जातं.

माझ्याबरोबर माझा भाचा होता. दोन माणसांची कयाक, तो मागे, मी पुढे. मागच्याच्या पायाशी सुकाणूची पेडलं असतात, दिशा त्याने धरायची. लय मात्र पुढच्याने द्यायची, कारण मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, पुढच्याला कुणीच दिसत नाही. आम्हाला शिकवायला आलेल्या माहितगार मुलीने वाळूवरच बसवून वल्हं कसं मारायचं ते दाखवलं. दंडाच्या जोरावर मारलं तर तासाभरात खांदे भरून येतात. पाय समोरच्या आधारावर टेकवायचे, कंबरेतून वळायचं, वल्हं पायाच्या चवड्याजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी आलं की बाहेर काढायचं. तिथून मागे ओढत नेलं तर ताकद फुकट जाते, होडी नुसती बाजूला वळते. पाण्यात उतरल्यावर पहिला काही वेळ भाचा मागून सांगत होता, "मावशी, हात नको, अंग वळव." मग त्याचं सांगणं थांबलं, आणि वल्ह्यांवरून निथळणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

कयाकमध्ये माणूस पाण्याच्या पातळीपासून जेमतेम हातभर वर बसतो. बोटीतून किनारा समोरून दिसतो. कयाकमधून खडक बाजूला येतो, हात लांब केला तर लागेल इतका. आणि खडक बाजूला आला की पहिल्यांदा दिसतात ते त्याच्यावरचे पट्टे. अगदी वर, लाटांचे नुसते तुषार पोचतात तिथे, दगडफुलाचा काळसर थर. त्याखाली बार्नॅकलचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या जिवांचा, पांढुरका, खरखरीत पट्टा. त्याखाली कालवं आणि चुन्याच्या बारीक नळ्यांत राहणाऱ्या किड्यांच्या वसाहती, बोटाने चाचपल्या तर विणलेल्या दगडासारख्या लागतात. आणखी खाली मण्यांच्या माळेसारखं तपकिरी शेवाळ, जे ओहोटीला लोंबकळतं आणि भरतीला तरंगून उभं राहतं. दिवसाचे किती तास पाण्याबाहेर तग धरता येईल, यावर प्रत्येकाची जागा ठरलेली. बार्नॅकलला झाकण मिटून तासन् तास उन्हात राहता येतं, शेवाळाला ते जमत नाही. वरच्या पट्ट्यातलं कुणी सहसा खाली येत नाही, कारण खाली त्याला खाणारे फार. सरकारने आखलेली भरतीची रेषा मला कुठल्या पाटीवर दिसली नाही, पण या दगडांवर ती एकाखाली एक अशी कितीतरी वेळा आखलेली होती, आणि प्रत्येक जिवाची रेषा वेगळी होती.

मारहाऊपासून उत्तरेकडे निघालं की थोड्या वेळात उजव्या हाताला अडेल बेट येतं. इथल्या मूळ रहिवाशांनी, माओरींनी, दिलेलं नाव मोटुआरेरोनुई. १८२७ च्या जानेवारीत द्यूमाँ द्युर्विल हा फ्रेंच दर्यावर्दी 'आस्त्रोलाब' जहाज घेऊन इथे नांगरून होता. बेटाला त्याने आपल्या बायकोचं नाव दिलं. अंटार्क्टिकातल्या अडेली पेंग्विनच्या नावातही तीच आहे. बेट आणि मुख्य किनारा यांच्यामधल्या शांत पाण्यात आम्ही वल्ही आडवी ठेवून थांबलो, कारण माहितगार मुलीने सांगितलं होतं, बेटाजवळ थांबा आणि ऐका. बेटाकडून पक्ष्यांचा कलकलाट येत होता, एकावर एक चढणारे आवाज, मधूनच बेलबर्डची घंटेसारखी शीळ. उलट बाजूच्या मुख्य किनाऱ्यावरचं जंगल तसंच हिरवं, तसंच दाट, आणि आवाज त्याच्या मानाने फारच थोडा.

फरक आहे तो स्टोटचा. लांबुडका, चपळ शिकारी प्राणी, एकोणिसाव्या शतकात सशांचा बंदोबस्त करायला म्हणून इंग्लंडहून आणलेला. न्यूझीलंडचे पक्षी सस्तन शिकाऱ्यांशिवाय वाढलेले. जमिनीवर किंवा झाडाच्या ढोलीत घरटी करणारे, काही तर उडणंच सोडून दिलेले. स्टोट, उंदीर आणि पॉसम यांनी मुख्य भूमीवरच्या त्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं संपवली. अडेल बेटावरचे स्टोट माणसांनी चिकाटीने नाहीसे केले आणि तिएकेसारखे पक्षी पुन्हा आणून सोडले. मुख्य किनाऱ्यावरही सापळ्यांच्या रांगा आहेत, त्या तपासायला स्वयंसेवक येतात. २०१२ पासून प्रोजेक्ट यान्सझोन नावाचा न्यास या कामात उतरला आहे. त्याने डोळ्यांसमोर ठेवलेलं साल २०४२, उद्यानाला शंभर वर्षं होतील ते. पण स्टोट पोहतो. अरुंद पाणी ओलांडून तो बेटावर पुन्हा पोचू शकतो, म्हणून पहारा कधीच उठवता येत नाही. ज्या पाण्यावर आम्ही बसून गाणी ऐकत होतो, त्या एवढ्याशा पाण्याच्या भरवशावर ती गाणी उभी आहेत.

अडेल बेटाचा आडोसा संपला की उघडा पट्टा लागतो. तिथले कयाकवाले त्याला 'मॅड माइल' म्हणतात. सकाळी पाणी बहुधा निवांत असतं. उन्हाळ्यात दुपारकडे जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो, आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याचंच शास्त्र. खडकाळ भूशिरावर लाट आपटून परत फिरते, येणाऱ्या लाटेशी तिची गाठ पडते आणि पाणी कुठल्याही दिशेने न धावता जागच्या जागी उड्या मारतं. अशा पाण्यात वल्हं थांबवायचं नाही, एवढा एकच नियम. वल्हं पाण्यात असलं की होडीला तिसरा पाय असतो. आम्ही सकाळीच तो पट्टा ओलांडला, तरी मध्यावर वारा आला आणि पुढची लाट माझ्या छातीवर फुटली. खारट पाणी डोळ्यांत. मागून भाचा मोठ्याने ताल धरत होता, "एक... दोन... एक... दोन..." तो आवाज पाठीशी असला की माणूस वल्हवत राहतो. भूशिराला वळसा घालून 'ते पुकाटेआ' नावाच्या पुळणीकडे वळलो आणि वारा दार लोटून घ्यावं तसा बंद झाला.

ज्याच्या नावाने हे उद्यान ओळखलं जातं, त्या आबेल टास्मानने या भूमीवर पाऊल ठेवलं नाही. १८ डिसेंबर १६४२ ला त्याची हीम्सकर्क आणि झीहान ही दोन डच जहाजं इथून वायव्येला, सेपरेशन पॉइंट या भूशिराच्या पलीकडच्या उपसागरात नांगर टाकून उभी राहिली. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या न्गाती तूमाताकोकिरी लोकांच्या नावा जवळ आल्या, त्यांनी वाद्य फुंकलं. डचांनी उत्तरादाखल आपली तुतारी वाजवली. ते फुंकणं युद्धाचं आव्हान असावं आणि डचांना ते स्वागत वाटलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. दुसऱ्या दिवशी दोन जहाजांमध्ये ये-जा करणाऱ्या छोट्या होडीवर माओरी नाव येऊन आदळली आणि टास्मानची चार माणसं मारली गेली. तो निघून गेला आणि त्या जागेला 'मारेकऱ्यांचा उपसागर' असं नाव ठेवून गेला. आज तिला मोहुआ किंवा गोल्डन बे म्हणतात. माओरी आणि युरोपीय यांची ही पहिली ज्ञात भेट, आणि ती सगळीच्या सगळी पाण्यावर घडली. ज्यांचा हा किनारा होता, त्यांच्या लेखी समुद्र ही रिकामी जागा नव्हती. त्यांची हद्द पाण्यातही होती, आणि परक्या जहाजांनी विचारल्याशिवाय ती ओलांडली होती. चार माणसांचा जीव गेला याचं दुःख मानूनही मला किनाऱ्यावरच्या माणसांची बाजू समजते.

टास्मानचं नाव उद्यानाला चिकटलं ते तीनशे वर्षांनी, एका बाईंच्या खटपटीमुळे. पेरीन मॉन्क्रिफ या नेल्सनला राहणाऱ्या पक्षीअभ्यासक. या किनाऱ्यावरचं उरलंसुरलं जंगल तोडलं जाणार हे कळल्यावर त्यांनी ते वाचवण्याची मोहीम हाती घेतली. टास्मानच्या भेटीला तीनशे वर्षं होत होती. त्यांनी ते निमित्त पकडलं, डच राजघराण्यापर्यंत हात पोचवला आणि राणी विल्हेल्मिना उद्यानाच्या आश्रयदात्या झाल्या. डिसेंबर १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, उद्यान जाहीर झालं. पुढे अनेक वर्षं मॉन्क्रिफबाई त्याच्या मंडळावर होत्या. त्यांच्या नावाचं उद्यान असतं तर मला जास्त आवडलं असतं.

त्यांनी वाचवलं ते अस्पर्श अरण्य नव्हतं, हे पाण्यावरून चांगलं दिसतं. पायवाटेवर चालणाऱ्याला चार झाडं दिसतात, कयाकमधून अख्खा डोंगर उघडतो. ओहोळाच्या घळीत बीच जातीच्या झाडांचं जुनं, गडद जंगल. कडेच्या उतारांवर मात्र एकाच उंचीचं, एकाच वयाचं, फिकट हिरवं कानुका. तिथे कधीकाळी झाडं तोडली, जाळली, मेंढ्यांना कुरण केलं आणि मग सोडून दिलं. कानुका पहिल्यांदा येतं, सावली धरतं, त्या सावलीत पुढची झाडं उगवतात. मधेच करड्या, वाळक्या पाइनचे सांगाडे उभे दिसतात. बाहेरून आलेले ते पाइन इथल्या झाडांना जागा देत नाहीत, म्हणून मुद्दाम मारलेले. पहिल्यांदा ते पाहून वाईट वाटतं. नंतर त्यांच्या बुंध्याशी उगवलेलं हिरवं लक्षात येतं. हा डोंगर माणसांनी आधी उजाड केला आणि आता माणसंच सापळे लावून, पाइन मारून, वाट पाहून तो परत उभा करताहेत. मला हे अस्पर्श अरण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

मुक्कामाला आम्ही एका अशा पुळणीवर होतो, जिथे पायवाट पोचतच नाही, पाण्यानेच यायचं. संध्याकाळचं पहिलं काम कयाक वर ओढणं. किती वर, हे वाळूच सांगते. वाळक्या शेवाळाची, काटक्यांची, पिसांची एक वाकडी ओळ असते, ती आधीच्या भरतीची. त्याच्याही वर गवताच्या कडेला आणखी एक जुनी, पांढुरकी ओळ, ती उधाणाची. दोघांनी मिळून भरलेली कयाक त्या दुसऱ्या ओळीच्या वर नेली, झाडाला दोरी बांधली. मग मी तिथली वाळू तळहातावर घेऊन उन्हात धरली. आपल्या बऱ्याच पुळणींपेक्षा जाडी, टोचरी. बहुतेक कण स्फटिकासारखे अर्धपारदर्शक, त्यावर गंजाची पिवळट-नारिंगी झाक, मधे अभ्रकाच्या चकचकणाऱ्या टिकल्या. इथला ग्रॅनाइट दहा कोटी वर्षांहून जुना. पावसापाण्याने तो कुजतो तेव्हा त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची माती होऊन वाहून जाते, चिवट क्वार्ट्झ उरतो आणि लोहाचा गंज त्याला रंग देतो. सोनेरी पुळण म्हणजे पाठीमागचा डोंगरच, खाली उतरून बसलेला. एवढ्यात एक वेका, न उडणारा तपकिरी पक्षी, गवतातून आला, आमच्या डब्याभोवती फिरला आणि चमच्यावर चोच मारून पाहिली. भाच्याने डबा मिटला तेव्हा तो तितक्याच शांतपणे पुढच्या तंबूकडे गेला.

उत्तरेला टोंगा बेट लागतं तेव्हा हद्द खरोखरच पाण्यात उतरते. १९९३ मध्ये इथे सागरी राखीव क्षेत्र झालं, १,८३५ हेक्टर, किनाऱ्यापासून एक सागरी मैल आतपर्यंत. इथे मासा धरायचा नाही, शिंपला उचलायचा नाही, दगडही न्यायचा नाही. बेटाच्या खडकांवर केकेनोंची, म्हणजे तिथल्या फर सीलांची वसाहत आहे. एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी मारून मारून ते न्यूझीलंडभर जवळपास संपले होते. सीलपासून निदान वीस मीटर दूर राहायचं असा नियम आहे, आणि आम्ही तो पाळत वल्ही आडवी ठेवून थांबलो. नियम सीलच्या पिल्लांना माहीत नसतो. एक पिल्लू पाण्याखालून आलं, कयाकच्या शेजारी उलटं होऊन पोटाने वर तरंगलं. ओल्या मिशांवर पाण्याचे थेंब, डोळे शरीराच्या मानाने फार मोठे, काळेभोर, पांढरं काही दिसेना. त्याने माझ्या वल्ह्याच्या पात्याला नाक लावलं, जोरात श्वास सोडला, मासळीचा उग्र वास आला, आणि ते कयाकच्या खालून पलीकडे निघून गेलं. मी श्वास रोखून बसले होते. भाचा मागून एवढंच म्हणाला, "मावशी, वल्हं हलवू नकोस हं."

हे क्षेत्र किनाऱ्याच्या एका तुकड्यापुरतंच आहे. त्याच्या बाहेर उद्यानाच्या ऐन समोर गळ टाकता येतो. बाहेरच्या उपसागरात एकेकाळी भरपूर मिळणारे स्कॅलप नावाचे शिंपले इतके घटले की त्यांची मासेमारी बंद करावी लागली. नद्यांतून येणाऱ्या गाळाचाही त्यात वाटा आहे. डोंगराच्या वरच्या कड्यापासून भरतीच्या ओळीपर्यंत इतकं जपायचं आणि त्यापुढे सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. राखीव पाणी मारहाऊपासून सेपरेशन पॉइंटपर्यंत सलग हवं.

ओनेताहुतीच्या लांब पुळणीवर आम्ही कयाक परत केली. बोटवाल्याने ती चढवून नेली आणि आम्ही पाठीवर बोजे घेऊन पायी अवारोआला निघालो. अवारोआची गोष्ट मी आधीपासून ऐकून होते. उद्यानाला लागूनच असलेली तिथली सुमारे सात हेक्टरांची पुळण खासगी मालकीची होती आणि ती विक्रीला निघाली. एकमेकांचे मेव्हणे असलेल्या दोघांनी लोकांकडून वर्गणी मागितली. सुमारे ४०,००० जणांनी मिळून वीस लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली, पुळण विकत घेतली आणि जुलै २०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाला देऊन टाकली. ज्यांनी पैसे दिले त्यांतले कितीतरी जण इथे कधी आलेही नसतील. मी त्या वाळूवर अनवाणी चालले आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, दुसरा शब्द नाही.

अवारोआची खाडी ओलांडायला पूल नाही. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दोन तास, तेवढ्यात चालत पार व्हायचं, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट पाहायची. इतके दिवस आम्ही भरतीची वाट पाहत होतो, कारण कयाकला उथळ खाड्यांच्या आत शिरायचं तर भरतीचं पाणी लागतं. आता वेळापत्रकाचा तोच कागद उलट बाजूने वाचायचा होता. आम्ही बूट गळ्यात अडकवले. चिखलात शिंपल्यांच्या कडा तळव्यांना टोचत होत्या, लाल चोचीचे काळे ऑयस्टरकॅचर बाजूला होऊन आपलं काम करत होते. मधल्या प्रवाहात पाणी गार आणि ओढीचं. पलीकडून एक वयस्कर जोडपं आमच्या दिशेने उतरत होतं, बाईंनी काठी उंचावून विचारलं, किती खोल आहे?

"गुडघ्यापर्यंत," भाचा ओरडला, "पण लवकर या!"